मग लंडनमध्ये बघितलं काय?

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

आमच्या फॅमिली ग्रुपवर एका दादाने आज त्याच्या युरोप टूरचे फोटो टाकले. सत्तेचाळीस. मी सगळ्यांना बदाम दिला. टॉवर ब्रिजच्या फोटोखाली ‘लंडन ब्रिज’ लिहिलं होतं तेही सोडून दिलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फक्त एवढंच विचारलं, ‘पूल उघडताना दिसला का रे?’ त्यावर उत्तर काय, तर ‘काका, १५ मिनिटांचा स्टॉप होता, तुमच्यासारखं दिवसभर सिटी बसने फिरायला वेळ नव्हता.’ पुढे हसणारे चेहरे. मग कुणीतरी विचारलं काय हो काय केलं काकांनी, आणि सगळी कहाणी बाहेर निघाली की काका लंडनला जाऊन लंडन आयच्या पाळण्यात बसले नाहीत, मादाम तुसादचे मेणाचे पुतळे बघायला गेले नाहीत, बसने फिरले. ‘मग लंडनमध्ये बघितलं काय?’ परत हसणारे चेहरे, ओळीने. शेवटी अण्णांनी स्वतःपण एक हसणारा चेहरा टाकला. बाकीच्यांचं मी सहन केलं असतं, अण्णांचा तो चेहरा बघून माझं टाळकं सटकलं.

तर सांगतेच काय बघितलं.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. कुंभार्ली घाट, मुक्कामी गाड्या, पहाटे साडेचारला गावाच्या पाराशेजारी थंडगार इंजिन चालू करायचं, हे सगळं. आम्हा तिघा भावंडांच्या फिया त्या स्टिअरिंगवर निघाल्या. २५ वर्षं विनाअपघात म्हणून डेपोत सत्कार झाला, बिल्ला मिळाला, तो अजून शोकेसमध्ये आहे, माझ्या डिग्रीच्या फोटोच्या वरच्या कप्प्यात. वरच्या. हे लक्षात ठेवा.

मी प्रोजेक्टसाठी लंडनला होते तेव्हा आई-अण्णा एका ग्रुप टूरने आले. त्यांच्या टूरचा शेवटचा मुक्काम लंडन, आणि टूर संपली की आठ दिवस माझ्याकडे. टूरचा लंडनचा दिवस मीपण सुट्टी काढली आणि टूर मॅनेजरच्या हातापाया पडून त्यांच्या कोचमध्ये बसले. तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. बकिंगहॅम पॅलेसला गार्ड बदलताना मला दिसले ते म्हणजे पुढच्या माणसाच्या मोबाइलमधले गार्ड. मग माइकवर ‘डाव्या बाजूला बिग बेन’, की उजव्या बाजूची सगळी बस डावीकडे कोसळली, एका आजींच्या पायावर कुणाचीतरी बॅग पडली, आणि तोवर बिग बेन मागे. आता बिग बेन हे मुळात त्या मनोऱ्याचं नाव नाहीच, आतल्या घंटेचं आहे, साडेतेरा टनांच्या वर वजन आहे तिचं, आणि त्या घड्याळाची वेळ कशी जुळवतात तर लंबकावर जुनी पेनीची नाणी ठेवून, एक नाणं ठेवलं की दिवसाला ०.४ सेकंदाचा फरक पडतो. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे आपल्या गॅरेजमधल्या मिस्त्रीसारखंच की, खाली चकती सारायची.’ एवढ्या मोठ्या इंग्रजांच्या घड्याळात आपला मिस्त्री दिसायला थोडं थांबावं लागतं हो. चालत्या गाडीतून नाही दिसत.

जेवणानंतर आणखी एक तमाशा झाला. लोकांना शॉपिंगला जायचं होतं आणि ड्रायव्हर म्हणाला आता मी ४५ मिनिटं गाडी हलवणार नाही. लगेच सुरू, आम्ही पैसे भरलेत, हा काय उपकार करतोय का. अहो, तिथं कायदा आहे, साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यायचीच, आणि गाडीत यंत्र बसवलेलं असतं त्यात सगळी नोंद होते, त्याने मोडलं तर त्याचं लायसन पणाला. अख्ख्या बसमध्ये एकटे अण्णा त्याच्या बाजूने. इंग्रजी येत नाही, पण खाली उतरून त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिले, त्याने सिगरेट पुढे केली, यांनी तंबाखूची पुडी दाखवली, दोघं हसले. मग मला म्हणाले, ‘आमच्या टायमाला हे यंत्र असतं तर...’ आणि पुढे बोललेच नाहीत. मला माहितीये पुढे काय होतं. डबल ड्यूटी करून आलेले अण्णा मी बघितलेत, जेवता जेवता ताटावरच डुलकी लागायची.

आणि मग तो १५ मिनिटांचा स्टॉप. टॉवर ब्रिज. ‘फोटो काढा, वेळेत या, बाथरूम पुढच्या स्टॉपला.’ गाडीतून उतरता उतरता गाइड माइकवर एक वाक्य बोलला, की या पुलावरून एकदा एका बसने उडी मारली होती. बस्स, एवढंच. सगळे फोटोला पळाले. अण्णा जागेवर उभे. ‘बसनं? कुठल्या बसनं? ड्रायव्हर कोण?’ गाइड म्हणाला नंतर सांगतो. नंतर कसलं सांगतोय.

मग मी शोधून सांगितलं. ३० डिसेंबर १९५२, रात्रीची वेळ. ७८ नंबरची डबल डेकर, ड्रायव्हर अल्बर्ट गंटर. गाडी दक्षिणेकडून उत्तरेला चाललेली. पुलाचे मधले दोन भाग जहाजासाठी वर उचलले जातात, एकेक भाग हजार टनांच्या वर वजनाचा, आणि उचलायच्या आधी वाहनांना इशारा द्यायचा असतो तो त्या रात्री द्यायचा राहून गेला. गंटर पुलावर असतानाच त्याच्या बाजूचा भाग वर जायला लागला. समोरचा रस्ता अचानक खाली गेल्यासारखा दिसला. त्याने ब्रेक नाही मारला. ॲक्सिलरेटर दाबला आणि प्रवाशांसकट बस पलीकडच्या भागावर टाकली, तो भाग अजून उचलायचा होता. काही जणांना किरकोळ लागलं. मेलं कुणी नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? ‘मग त्याला सस्पेंड केला का?’

मी म्हटलं नाही हो अण्णा, बक्षीस दिलं, १० पौंड.

‘चौकशी नाही? चार्जशीट नाही?’ मग बराच वेळ नदीकडे बघत राहिले. ‘ब्रेक मारला असता तर गेला असता तो. पण हे नंतर कागदावर कोण मानतं?’ तिकडून टूर मॅनेजरची शिट्टी.

आता मला सांगा, हे लंडन बघणं नाही तर काय?

हो, मान्य, ग्रुप टूरमध्ये दुपारी गरम वरण-भात मिळतो, व्हिसाच्या कागदांची कटकट नसते, वयस्कर माणसांना बॅगा ओढाव्या लागत नाहीत. मान्य. माझी तिथं खोली होती म्हणून आई-अण्णा आठ दिवस राहू शकले, सगळ्यांची मुलं काही लंडनला नसतात, तेही मान्य. पण म्हणून जो थांबला त्याला हसायचं?

टूर संपल्यावर पहिल्या दिवशी मी यादी काढली होती. लंडन आय, १३५ मीटर उंच, अर्धा तास फिरते. अण्णा म्हणाले पाळणा आहे ना, जत्रेत बसलोय. यादी घडी करून ठेवली मी. म्हटलं तुम्हाला कुठं जायचंय? म्हणाले, ‘ती ७८ अजून चालू आहे का?’

आणि चालू आहे ना! अजून तोच पूल ओलांडते. तेव्हा १.७५ पौंड तिकीट होतं, कार्ड टेकवायचं, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला परत पैसे नाहीत. आईला वरच्या मजल्यावर पुढची सीट पाहिजे होती, ती गुडघे धरत वर गेली, मी तिच्यासोबत. अण्णा वर आलेच नाहीत. खाली, ड्रायव्हरच्या केबिनजवळ दांडा धरून उभे. ड्रायव्हर बाई होती. चार फेऱ्या मारल्या आम्ही पुलावरून, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आई म्हणाली तुम्हाला इथं ड्यूटी लागलीय का.

पुलाच्या वेबसाइटवर पूल कधी उघडणार ते आधीच दिलेलं असतं, वर्षाला साधारण ८०० वेळा उघडतो. मी वेळ बघून ठेवली होती पण अण्णांना सांगितलं नव्हतं. नशीब असं की आमची बस रांगेत पहिली. सिग्नल लाल, फाटक बंद, आणि समोरचा रस्ता, पांढऱ्या पट्ट्यासकट, हळूहळू उभा राहायला लागला. मी तोवर धावत खाली आले होते अण्णांचं तोंड बघायला. तोंडावर काही नव्हतं. मी खाली बघितलं तर त्यांचा उजवा पाय. दांडा घट्ट धरलेला आणि उजवा पाय बसच्या फरशीवर दाबून धरलेला, टाच टेकून, पंजा खाली. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती.

ब्रेक दाबत होते की ॲक्सिलरेटर, ते मी विचारलं नाही.

लिहिताना थोडी शांत झाले होते, पण ते ‘बघितलं काय’ परत आठवलं.

ऐका पुढचं. पुलाच्या आत जाता येतं, दक्षिणेकडे जुनी इंजिनरूम आहे. पूल १८९४ चा, बांधायला आठ वर्षं लागली, बाहेरून किल्ल्यासारखा दिसतो पण आत सगळा पोलादी सांगाडा, दगड नुसता वरून लावलाय, शेजारच्या टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्याला शोभावा म्हणून. अण्णांनी हे बघून ‘म्हणजे बॉडी वेगळी, चासी वेगळी’ म्हणून विषय संपवला. पूर्वी कोळशावर वाफ करायची, वाफेच्या जोरावर पाणी दाबून ठेवायचं आणि त्या दाबावर पूल उचलायचा, १९७६ पर्यंत असं चाललं, आता तेल आणि वीज. त्या बॉयलरसमोर आम्ही पाऊण तास उभे होतो. आईने बाकावर बसून चकल्या संपवल्या.

आणि अण्णांना सगळ्यात काय आवडलं असेल? तिथं बोटीचा मान आधी, रस्त्याचा नंतर. चोवीस तास आधी कळवलं की फुकट पूल उघडून देतात. १९९७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन चालले होते, त्यांचा अर्धा ताफा पुढे गेला आणि अर्धा अडकला, कारण एका शिडाच्या बोटीची वेळ झाली होती, ग्लॅडिस नावाची. पूल उघडला! अण्णा हे ऐकून इतके हसले की शेजारचे गोरे बघायला लागले. ज्या माणसाने मंत्र्यांची गाडी जाईपर्यंत उन्हात भरलेली एसटी कडेला लावून ठेवलीये त्यालाच हा जोक कळणार.

कोहिनूर? बघितला बाबांनो. तो प्रश्न तर ठरलेलाच असतो, देशभक्तीचा. टॉवर ऑफ लंडनचं तिकीट माणशी ३० पौंडांच्या वर, आत मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, आपण उभं राहायचं आणि पट्टा आपल्याला पुढे नेतो, फोटो काढायचा नाही. आपल्याकडून गेलेली वस्तू आणि तिच्यासमोर आपल्याला थांबायचीपण सोय नाही. आई परत मागे जाऊन दुसऱ्यांदा पट्ट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, ‘एवढुसाच?’ १८४९ मध्ये पंजाबच्या लहानग्या महाराजा दुलीप सिंगकडून घेतला तेव्हा १८६ कॅरेटचा होता, १८५२ मध्ये तासून १०५ वर आणला, असं मी सांगितल्यावर म्हणाली, ‘बघ, धड सांभाळतासुद्धा आला नाही.’

आणि १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकताना राहिले ते घर, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलंय. टूरवाल्यांना अण्णांनी आधीच विचारलं होतं, तर म्हणे मोठी गाडी त्या रस्त्याला वळत नाही. आम्ही चालत गेलो. घर बघून बाहेर आल्यावर अण्णा कोपऱ्यावर उभे राहिले, रस्त्याच्या दोन्ही कडा बघितल्या, आणि एकच शब्द बोलले. ‘वळते.’

आता दादा हे वाचत असेल तर, तू वाईट नाहीस रे. तू पाच लाख भरलेस, पोरांना घेऊन गेलास, सकाळी सहाला वेकअप कॉल घेतलास, तुझंपण कौतुक आहे. तू पुलासमोर उभा होतास आणि तुला कुणी गंटरचं सांगितलं नाही, यात तुझी काय चूक. पण ‘लंडन ब्रिज’ तेवढं दुरुस्त कर. तो वेगळा पूल आहे, पलीकडे, साधा सपाट, आणि त्याच्या आधीचा तर १९६८ मध्ये अमेरिकेला विकून टाकलाय, दगड सुटे करून नेले त्यांनी ॲरिझोनात.

एडिट: अण्णांचा फोन आला होता. पोस्ट आईने वाचून दाखवली. म्हणाले चार नाही, पाच फेऱ्या मारल्या, आणि ग्रुपवर भांडू नकोस.

एडिट २: अण्णांनी आत्ता स्वतःच ग्रुपवर त्या दिवशीचा व्हिडिओ टाकलाय. दीड मिनिटाचा. त्यात पूल नाहीच. नुसती ड्रायव्हरची केबिन, ती बाई हँडब्रेक ओढते, इंजिन बंद करते, थर्मासमधून चहा ओतून घेते आणि समोर बघत बसते. दादाने लगेच विचारलं, ‘काका, यात पूल कुठंय?’

अण्णांनी लिहिलंय, ‘वर गेला होता.’