जर्मनीत शिकायला गेल्यावर पहिले सहा आठवडे कशात घालवावेत

ऑक्टोबरात जर्मनीत मास्टर्स सुरू करणाऱ्या मुलांना आपण सामानाच्या भल्यामोठ्या याद्या देतो. माझं ठाम मत आहे की त्याआधी दोन गोष्टी नीट समजावून द्यायला हव्यात: पत्त्याची नोंदणी आणि परीक्षेची नोंदणी. तिथे विद्यापीठ तुमच्या मागे लागत नाही आणि सरकारी कार्यालय आठवण करून देत नाही. मुदती गुपचूप संपतात. हुशार, कष्टाळू मुलं पहिल्या सेमिस्टरला अडखळतात ती बहुतेक वेळा इथेच.

आधी पत्ता. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. भाडेकरार दाखवून भागत नाही. ही व्यक्ती इथे राहायला आली आहे असं घरमालकाने सही करून दिलेलं वेगळं पत्र लागतं. थोड्या दिवसांसाठी खोली देणारे पुष्कळ जण ते पत्र देत नाहीत. मग नोंद होत नाही, नोंद नाही म्हणून करक्रमांक येत नाही, आणि करक्रमांक नसेल तर नोकरीत सर्वांत जड दराने कर कापला जातो. म्हणून पैसे पाठवण्याआधीच ‘इथे आनमेल्डुंग होईल का?’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नोंदीला उशीर झाल्यास कायद्याने १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांच्या आतली अपॉइंटमेंट मिळणं कठीण, तेव्हा तारीख बुक केल्याचा ईमेल जपून ठेवा.

खोलीत शिरल्याच्या दिवशीच पत्रपेटीवर आणि बेलवर स्वतःचं नाव लावा. करक्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन हे सगळं बहुधा टपालानेच येतं. नाव दिसलं नाही की पोस्टमन पत्र परत पाठवतो. पिवळं पाकीट (सरकारी कार्यालयाची किंवा कोर्टाची अधिकृत नोटीस) आलं तर त्याच दिवशी उघडा. त्यावर लिहिलेल्या तारखेपासून मुदत मोजली जाते, तुम्ही ते वाचलेलं असो वा नसो.

पैशांचं गणित निघण्याआधीच करा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, ठेवलेले ११,९०४ युरो महिन्याला ९९२ या हिशेबाने मिळतात, पण तिथलं खातं उघडून सगळी जोडणी पूर्ण झाल्यावरच. तोवर अनामत, पहिलं भाडं आणि विद्यापीठाची सेमिस्टर फी भरायला वेगळी रक्कम हवी. अनामत म्हणून कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं (हीटिंग वगैरे खर्च वगळून) मागता येतं, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हा हक्क मुलांना माहीतच नसतो.

आरोग्य विम्याबाबत एकच सांगतो, पण ते फार महत्त्वाचं. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याने खासगी विमा स्वस्त दिसतो म्हणून सरकारी विम्यातून सूट घेतली, तर ते शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही. दात किंवा जुनं दुखणं निघाल्यावर पश्चात्ताप करून उपयोग नसतो.

आता वर्ग. वेळापत्रकात १० सी.टी. लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, एस.टी. असेल तर ठोक्याला दहा. बहुतेक व्याख्यानांना हजेरी नसते, आणि याच मोकळीकीत घात होतो. बऱ्याच विषयांचे सगळे गुण शेवटच्या ९० किंवा १२० मिनिटांच्या एका लेखी परीक्षेवर असतात. काही विषयांत तर आठवड्याच्या उदाहरणांत ठरलेले गुण मिळाल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत. ही अट मोड्यूलच्या, म्हणजे त्या विषयाच्या, माहितीपुस्तिकेत लिहिलेली असते. पहिल्याच आठवड्यात ती पुस्तिका आणि परीक्षा नियमावली वाचून काढा. जर्मनमध्ये असली तरी भाषांतर करून वाचा.

विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं, असं नाही. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते आणि तिची खिडकी अनेकदा परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी बंद होते. नाव काढून घेण्याचीही शेवटची तारीख असते. नाव घालून गैरहजर राहिलात तर नापास, म्हणजे ५.० (तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० उत्तीर्णाची कड). प्रयत्न मोजके, पुष्कळ ठिकाणी तीनच. सक्तीच्या विषयात तेवढे संपले तर प्रवेश रद्द होतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. हे वाचून घाबरून जाऊ नका, पण तारखा भिंतीवर लावा.

जुन्या प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांच्या संघटनेकडे, म्हणजे फाखशाफ्टकडे, मिळतात. त्या जानेवारीत नको, नोव्हेंबरातच बघा. पाठ केलेली व्याख्या लिहिण्यापेक्षा न पाहिलेलं उदाहरण सोडवणं किती वेगळं आहे ते वेळेवर कळतं. प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळा असतात. तिथे ‘समजलं नाही’ एवढंच सांगू नका. तिसऱ्या पायरीवर अडलो असं सांगा, मग मदत नक्की मिळते.

नोकरीची घाई मला खरोखर काळजीची वाटते. सेमिस्टरला ३० क्रेडिट, एका क्रेडिटला सुमारे ३० तास, म्हणजे ९०० तास. सहा महिन्यांत एकही सुट्टी न घेता हे आठवड्याला जवळजवळ ३५ तास होतात. त्यात २० तासांचं काम घातलं की ५५. नियमाने वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण परवानगी आहे म्हणून पहिल्याच सेमिस्टरला ती पूर्ण वापरायची नसते. गरज असेल तर विद्यापीठातलं सहायकाचं काम शोधा. ते या १४० किंवा २८० दिवसांच्या मर्यादेत धरलं जात नाही.

खोलीबद्दल थोडं. शिरतानाच प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. हिवाळ्यात अंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ थंड भिंतीवर बसते आणि कोपऱ्यात बुरशी धरते; पुढे दुरुस्तीचा खर्च अनामतीतून कापण्यावरून वाद होतो. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत आणखी गार पडते. त्यापेक्षा हीटर बंद करून दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडा. रविवारी दुकानं बंद असतात, खरेदी शनिवारी उरका.

आणि डॉक्टर तब्येत ठणठणीत असतानाच शोधा. अनेक दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत. रात्री-अपरात्री, पण जिवावरचं नसेल तेव्हा ११६११७ आणि जिवावरचं असेल तर ११२, दोन्ही नंबर मोफत आहेत. परीक्षेच्या सकाळी ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला घेऊन तो विनाविलंब परीक्षा कार्यालयात द्यावा लागतो. काही ठिकाणी त्यासाठी ठरावीक छापील अर्ज असतो. तो आधीच डाऊनलोड करून ठेवा.