बीटी कापसाचा हिशेब कोरडवाहूवाल्याच्या शेतात करा

बीटी कापसावरच्या लेखात म्हटलं की बीटीनं (म्हणजे बोंडअळी मारणारा जीन टाकलेल्या बियाण्यानं) फवारणीचा खर्च वाचते म्हणून शेतकरी महाग बियाणं घेते. २००२ नंतर सुरुवातीची काही वर्षं हे खरंच होतं, हिरव्या बोंडअळीचा तरास लय कमी झाला होता. पण आता यवतमाळकडे येऊन पाहा, गुलाबी अळीवर बीजी-टू (दोन जीनवालं बीटी बियाणं) चालत नाही, बोंड वरून एकदम चांगलं दिसते अन् फोडलं की आत अळी, सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. असा कवडी कापूस वेचाले मजुरी तेवढीच लागते अन् व्यापारी भाव पाडून मागते. मंग फायदा कुठी राह्यला?

मुख्य गोष्ट तर लेखात आलीच नाही. आपल्याकडं बीटी संकरित वाणातच आणलं, म्हणून घरची सरकी पेरता येत नाही, दरवर्षी पाकीट घ्या, बहुतेकांचं तर उधारीवरच, अन् जूनमधे पेरून पाऊस दडला की दुबार पेरणी, म्हणजे पाकिटाचा खर्च डबल. ऑस्ट्रेलियात सरळ वाणात (संकर नसलेल्या, ज्याचं बी पुढच्या वर्षीही तसंच पिकते) बीटी आहे, दाट पेरतात. आमाले कमी दिवसाचं सरळ बीटी वाण मृगाच्या आधी गावात भेटलं पाह्यजे, नवीन जीनचं नंतर पाहू.