बिडकीनच्या ‘आपोआप घर’ संदेशाबाबत खुलासा

“बिडकीनजवळ एक गुंठा बॉण्डवर घेऊन ठेवा, ऑरिकमधल्या कारखान्यात कामाला लागलात की शासन तिथे आपोआप घर बांधून देईल,” असा संदेश पैठण तालुक्यात फिरत आहे (ऑरिक म्हणजे शेंद्रा-बिडकीन इथली औद्योगिक नगरी). तो चुकीचा आहे.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये पात्रता नोकरीवर नव्हे, तर उत्पन्नावर ठरते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असावे लागते आणि कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर नसावे लागते. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख रुपये मिळतात, बांधून तयार घर नव्हे. आणि ती जागा खरोखर त्याच्या मालकीची असावी लागते. ‘बॉण्ड’, म्हणजे मुद्रांकावर नोटरी करून घेतलेला कागद, हे नोंदणीकृत खरेदीखत नाही. त्यावर सातबाऱ्याला नाव लागत नाही. मजुरीतून साठवलेले पैसे अशा कागदावर जाताना पाहून फार वाईट वाटते.

कामासाठी नव्याने आलेल्या कुटुंबाला आधी भाड्याची खोली लागते. याच योजनेत परवडणाऱ्या भाडेघरांचा स्वतंत्र घटक आहे. जमिनीचे भाव आणखी चढण्याआधी त्यासाठी जागा राखून ठेवावी, हीच मागणी ग्रामस्थांनी लावून धरावी.