सिमेंटचा पत्रा घासू नका

गेल्या रविवारी सकाळी मामाने फोटो पाठवला. राजापूरजवळच्या आमच्या आजोळघराची मागची पडवी, तिच्यावरचे चाळीसेक वर्षांचे सिमेंटचे पत्रे, अर्धे शेवाळाने काळे, अर्धे घासून पांढरे. खाली शिडी धरून त्याची नऊ वर्षांची नात उभी. तिच्या केसांवर, खांद्यांवर पिठासारखी धूळ. सोबत मामाचा मजकूर: "अर्धं छप्पर झालं. मजुरी शून्य."

'जुनं घर थंड ठेवा, पाच घरगुती उपाय' असा एक मेसेज महिनाभर फिरतोय. मलाही तो तीनदा आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. आता वाचला. पहिलाच उपाय असा: काळे पडलेले सिमेंटचे पत्रे तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने घासून काढा आणि वर चुना मारा, पत्र्यात नुसतं सिमेंट असतं, धूळ अंगावर पडली तर आंघोळ करा.

नुसतं सिमेंट नसतं! नुसत्या सिमेंटचा इतका पातळ, इतका लांब पत्रा उचलतानाच मोडेल. त्याला धरून ठेवतात ते अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू. आपल्याकडे सगळे त्याला 'सिमेंटचा पत्रा' म्हणतात, त्या नावामुळे आत काय आहे हेच लोक विसरलेत. हल्ली काही पत्र्यांत दुसरे तंतू घालतात, पण नुसतं पाहून ते ओळखता येत नाही. पत्रा जुना असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे, आयएआरसी. तिने २०१२ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोग करतात. सगळे, म्हणजे आपल्या पत्र्यात वापरतात ते पांढरं अ‍ॅस्बेस्टॉससुद्धा. फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा, स्त्रियांच्या बीजांडकोशाचा कर्करोग, आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसावरच्या पातळ आवरणाचा कर्करोग. माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींचा जो पहिला गट ही संस्था करते, ज्यात तंबाखू आहे, त्यातच हे आहे. "पांढरं चालतं" असं सांगणाऱ्यांसाठी एवढं पुरे आहे.

मामाचं म्हणणं, "आम्ही या पत्र्यांखाली जन्म काढला, काय झालं?" यात अर्धं सत्य आहे आणि ते मी मान्य करतो. पत्रा अखंड असेल, कोणी त्याला हात लावत नसेल, तर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले राहतात. घाबरून उद्याच छप्पर उतरवायची काही गरज नाही. पण घासणं, कापणं, भोकं पाडणं, फोडणं म्हणजे ते तंतू मोकळे करणं. ते डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच राहतात. आजार दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षंही लागतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद किमान ४० वर्षं जपायला सांगितली, ती उगाच नाही. मामा ६८ वर्षांचा आहे. शिडी धरणारी पोर नऊ वर्षांची. चाळीस वर्षांचा हिशेब कोणाला लागू होतो ते तुम्हीच बघा.

आणि "आंघोळ करा"? कपड्यांचं काय? १९६५ सालच्या लंडनमधल्या अभ्यासात मेसोथेलिओमाचे असे रुग्ण सापडले, ज्यांनी कारखान्यात कधी पाऊलही टाकलं नव्हतं. नवऱ्याचे कामावरचे कपडे झटकून धुणाऱ्या बायका होत्या त्यांत. आमच्याकडे मामाचा सदरा मामीने अंगणात झटकला.

शिवाय हा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. मामा पन्हळीवर पाय देऊन उभा होता. पत्रा पायाखाली फुटला की माणूस थेट खालच्या जमिनीवर.

पांढरं छप्पर कमी तापतं, हे मात्र खरं आहे. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी सरकारी धोरणच केलं. पण त्याकरता पत्रा घासायला कुठे लागतो? कळीचा चुना विरवून, फडक्यातून गाळून, आंब्यावर फवारायच्या पंपाने शिडीवरूनच मारता येतो. चुना जहाल असतो, त्याने शेवाळही मरतं; डोळ्यांना चष्मा तेवढा लावा. पावसाने धुपून गेला की पुढच्या फेब्रुवारीत परत मारायचा.

बाकीचे उपाय. पत्र्याला आतून थर्माकोल चिकटवा म्हणे. थर्माकोल उष्णता अडवतो, पण आमच्या पडवीत चूल आहे. तो शंभर अंशांच्या आतच मऊ पडतो आणि पेटला की काळा विषारी धूर करतो. त्यापेक्षा वर वीतभर हवा खेळेल असं अंतर ठेवून बांबूची तट्टी बांधा, चुलीपासून लांब.

ओल आलेल्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा सल्ला आहे. जमिनीतून चढलेलं पाणी मातीच्या-चुन्याच्या भिंतीतून हवेत उडून जातं. सिमेंटने ती वाट बंद केली की ओल आणखी वर चढते, लोणा धरतो आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. चुन्याचाच गिलावा करा, आणि आधी पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर न्या. वाशांना जळकं ऑईल लावा, हा पुढचा उपाय. त्याने वाळवी थोडी लांबते, हे आमचा सुतारही सांगतो, पण चुलीवरच्या वाशांना ते लावू नये हेही तोच सांगतो. आणि शेवटचा उपाय, कौलांच्या फटी बुजवा म्हणे. मग धूर आणि गरम हवा जाणार कुठून?

मामाला फोन करून काम थांबवलं. तो चिडला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "अंगणातली धूळ झाडायची का?" नाही. केरसुणी लावायची नाही. आधी पाण्याचा हलका शिडकावा, मग ओल्या फडक्याने पुसणं, फडकी आणि तो सदरा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, तोंडाला साध्या कापडाचा रुमाल चालत नाही, आणि हे सगळं होईपर्यंत नात शेजारच्या काकूंकडे.