स्टॅच्यू ऑफ लिबर्टी म्हणजे इजिप्तचा रिजेक्ट माल? नाही हो!

तो फॉरवर्ड परत फिरतोय. म्हणे स्टॅच्यू ऑफ लिबर्टी मुळात बुरख्यातल्या बाईचा पुतळा, इजिप्तने नाकारला म्हणून फ्रान्सने तोच अमेरिकेच्या गळ्यात मारला, आणि बनवला कोणी तर आयफेल टॉवरवाल्या आयफेलने.

इजिप्तचा भाग पूर्ण थाप नाहीये, म्हणून तर लोकांना पटतं. पुतळ्याचा फ्रेंच शिल्पकार बार्तोल्दी तरुणपणी १८५५-५६ ला इजिप्त फिरून आला, तिथले अवाढव्य पुतळे त्याच्या डोक्यातून काही गेले नाहीत. १८६९ मध्ये सुएझ कालव्याच्या तोंडाशी दीपगृह म्हणून, हात वर करून दिवा धरलेली तिथली शेतकरी बाई, असं डिझाइन घेऊन तो इजिप्तचा शासक खेदिव इस्माइल याच्याकडे गेला आणि हात हलवत परत आला. पण चित्रात तिच्या डोक्यावरून पदरासारखं वस्त्र आहे आणि तोंड उघडं, मग बुरखा कुठून आला? आणि तयार होतं काय, तर चित्रं आणि टेबलावर मावतील एवढी मॉडेल्स. नाकारायला पुतळा तर पाहिजे ना!

आता "तोच पुतळा". पोझ सारखी आहे, मान्य, कलाकार आपली जुनी आयडिया परत वापरतोच. पण न्यूयॉर्कवालीच्या अंगावर रोमन झगा, डोक्यावर किरणांचा मुकुट, हातातल्या पाटीवर ४ जुलै १७७६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याची तारीख, पायाशी तुटलेली साखळी, यातलं सुएझला काय कामाचं? शिवाय ती तुकड्यातुकड्यांनी झाली, १८७६ ला फिलाडेल्फियात नुसता मशालीचा हात मांडला होता, पैसे भरून लोक त्यात वर चढायचे, डोकं १८७८ ला पॅरिसच्या प्रदर्शनात. मधे १८७१ ला फ्रान्स-जर्मनी युद्धात बार्तोल्दीचं गाव कोलमार जर्मनीने घेतलं, तो स्वतः त्या युद्धात होता, त्यामुळे स्वातंत्र्य हा त्याच्यासाठी नुसता कमिशनचा विषय नव्हता असं मला तरी वाटतं.

"फ्रान्सने गळ्यात मारला" तर अजूनच गंमत. पुतळ्याचा खर्च फ्रान्समधल्या लोकांच्या वर्गणीतून, चौथऱ्याचा अमेरिकेतल्या, आणि तिथे वर्गणी अडली तेव्हा न्यूयॉर्कचा पेपरमालक पुलित्झर याने आपल्या पेपरातून एकेका डॉलरसाठी हाका घातल्या.

राहिला आयफेल. त्याचा आतला लोखंडी सांगाडा, आणि तेही आधी हे काम बघणारे वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक १८७९ ला वारले म्हणून काम त्याच्याकडे आलं. बाहेरची बाई बार्तोल्दीचीच. जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा लाकडी साच्यावर ठोकून ठोकून आकार दिलाय, आपले तांबट हंडा घडवतात तसंच ठोक्याचं काम, फक्त हंडा ४६ मीटरचा.