चोडणची माती आणि आल्तिनोची पदवी

गावाकडच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकच वाद चाललाय. गोव्यातल्या चोडण बेटाच्या फेरीधक्क्याजवळची एक भिंत तिथल्याच एका चित्रकाराला रंगवायची आहे, बेटावरच्या मातीनं. खारफुटी, खंड्या, खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतांतले बगळे हेच त्याचे विषय. तो कुठे शिकलेला नाही. निम्मा ग्रुप म्हणतो, पणजीतल्या आल्तिनोच्या कला महाविद्यालयाची पदवी नाही तर चित्रकार कसला? शिवाय माती पहिल्या पावसात धुऊन जाणार.

डब्लिनमध्ये हे वाचताना चीड येते. माती टिकत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या देवळांच्या भिंती कधी पाहिल्याच नाहीत का? काव म्हणजे तांबडी मातीच. त्या मातीवर उभी असलेली कावी कला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पावसाळे काढत आली, आणि ती करणाऱ्या कारागिरांकडे कसलीच पदवी नव्हती.

माती नुसती फासली तर जाणारच. वरचा थर काढून मुळं संपतात तिथून खालची माती घ्यायची, वाळवून कुटायची, पाचपट पाण्यात ढवळायची. अर्ध्या मिनिटात वाळू तळाला बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाला साय बसलेली असते, तोच रंग. खाजनातला काळा चिखल वापरायचा मोह कुणालाही होईल, पण त्यात मीठ असतं. भिंत सुकली की ते पांढरं होऊन फुलतं आणि रंगाचे पापुद्रे काढतं. म्हणून गोड्या पाण्यानं धूत राहायचं, जिभेला खारट लागेनासं होईपर्यंत.

मग चुना. विरवलेला चुना आणि धुतलेली नदीची वाळू गुळाच्या पाण्यात कुटून काही दिवस आंबवायची आणि त्याचा गिलावा करायचा. त्यावर चुन्याचा पांढरा थर, त्यावर काव. काव ओली असतानाच टोकदार काट्यानं नको तेवढी खरवडायची, म्हणजे खालचा पांढरा दिसतो. शेवटी गुळगुळीत गोट्यानं घोटायचं. चुना हवेतला कर्बवायू घेऊन दगड होतो आणि मातीचे कण त्यात अडकतात. थर आधीच सुकला तर रेघेच्या कडा ढासळतात. म्हणून एका दिवसात खरवडून होईल तेवढाच भाग लिंपायचा. हळद, भिरंड (कोकम) असले रंग इथे चालत नाहीत. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, आणि उन्हात ते उडतं.

इथे आयर्लंडमध्ये मघेरॉर्टीहून फेरी पकडली की टोरी बेट. तिथला मच्छीमार जेम्स डिक्सन (१८८७–१९७०) उतारवयात चित्रं काढायला लागला. डेरेक हिल या इंग्रज चित्रकाराला काम करताना पाहून, याहून चांगलं मी काढीन म्हणाला. हिलनं रंग आणि कागद दिले. ब्रश मात्र डिक्सननं घेतले नाहीत, गाढवाच्या शेपटीच्या केसांचे स्वतःच केले. आज डॉनेगलमधल्या ग्लेब गॅलरीत टोरीची चित्रं मानानं टांगलेली आहेत.

हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, तू तिकडे बसून शिकवू नकोस. लागलं, कारण त्यात खरं आहे. डिक्सनचं नावही बेटाबाहेर पोचलं ते बाहेरून आलेल्या हिलमुळेच, आणि आता चोडणकडे मीही बाहेरूनच बघतो. फेरीची वाट पाहत ती भिंत रोज बघणारे तुम्ही आहात, मी नाही. तरीही त्या मातीला माझीच माती म्हणायची सवय जात नाही.

पदवीचा वाद हवा तेवढा चालू द्या. पण काम दिवाळीनंतर धरा, भिंत आतून सुकू द्या, आणि चुना आत्ताच विरवायला घाला. मार्चच्या उन्हात काट्याला उसंत मिळत नाही.