पोलिसांचा वायरलेस ऐकणं हा आपला हक्क आहे का?

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. थोडक्यात मजकूर असा: अमेरिकेत पोलिसांचा वायरलेस ऐकणं हा नागरिकांचा हक्क आहे. हे ॲप घ्या, मुंबई पोलिसांचंही ऐकू येईल. लपवायचं असतं तेच एन्क्रिप्शन करतात, म्हणजे बाहेरच्याला कळू नये म्हणून संभाषण सांकेतिक करतात. आणि २६/११ च्या रात्री लोकांना वायरलेस ऐकता आला असता तर कितीतरी जीव वाचले असते. हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

आधी अमेरिका. खुला असलेला पोलीस रेडिओ ऐकायला तिथल्या १९८६ च्या कायद्याने मुभा आहे. पण पोलिसांनी तो खुला ठेवलाच पाहिजे, असं तो कायदा सांगत नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून एन्क्रिप्शन सुरू केलं. शिकागोत संभाषण लोकांपर्यंत तीस मिनिटं उशिरा पोचतं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोने २०२१ मध्ये रेडिओ लोकांसाठी बंद केला आणि टीका झाल्यावर २०२२ मध्ये पुन्हा खुला केला. म्हणजे भांडण तिथेही मिटलेलं नाही.

ॲपचं तर सोडूनच द्या. मोबाईलमध्ये पोलिसांच्या लहरी पकडणारा रिसीव्हरच नसतो. कुणीतरी दुसरीकडे रेडिओ लावून इंटरनेटवर सोडलेला आवाज ॲप ऐकवतं. आणि आपल्याकडे बेकायदा संदेश पकडणं हा गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. असा मेसेज वाचून उद्या कॉलेजातलं एखादं पोरगं उत्साहाने स्कॅनर, म्हणजे असे संदेश पकडणारं यंत्र, मागवेल, याची मला खरी काळजी वाटते.

आता २६/११. त्या रात्री ताज आणि ओबेरॉयबाहेरून वाहिन्या थेट चित्रण दाखवत होत्या, आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ते बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात या थेट चित्रणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये नियमच झाला: दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती. नुसत्या चित्रांनी एवढं झालं. त्यात कुठली तुकडी कोणत्या जिन्याने वर चालली आहे हेही कानावर पडलं असतं तर? १६६ माणसं गेली त्या हल्ल्यात. त्यांच्या नावावर असा दावा खपवू नका.

राहिला ‘लपवण्याचा’ मुद्दा. यात तथ्य आहे, म्हणून तो मी झटकणार नाही. वायरलेसवर घरात मार खाणाऱ्या बाईचा पत्ता असतो, हरवलेल्या मुलीचं वर्णन असतं. ते गल्लीभर ऐकू जाऊ नये. पण पोलिसांनी कुणाच्या हाकेला किती वेळात ओ दिली, हे नंतर तपासता आलंच पाहिजे. २६/११ लाच शहीद झालेले अप्पर पोलीस आयुक्त अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहिती अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या. त्यांच्या आधारे, मदत कधी मागितली गेली आणि ती का पोचली नाही, असे प्रश्न त्यांनी जाहीरपणे विचारले. त्यासाठी कुणाला स्कॅनर लागला नाही, नोंद जपलेली असावी लागली.

ग्रुपवर काही पुढे पाठवायचंच असेल तर हा प्रश्न पाठवा: नियंत्रण कक्षाचं रेकॉर्डिंग किती दिवस ठेवलं जातं, आणि ते पुसायचं कोण ठरवतं?